कोकरू अक्कानं शोधलं

अक्का, कोकरू तू शोधलंस. मी शोधलं नव्हतं. घे, लिहून दिलं.

एवढं एक वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली, आणि लिहिलं तेव्हा तू ऐकायला नाहीस. तुला माती देऊन आज अकरावा दिवस. मी मानवतच्या माझ्या खोलीत बसलोय, समोर दौत आहे, आणि पोरांना शुद्धलेखन शिकवणारा हा तुझा भाऊ तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलावं याच घोळात अडकलाय. मी पुस्तकी बोललो की तू तोंडावर हात ठेवून हसायचीस. "बिरू, नीट बोल की," म्हणायचीस. नीट म्हणजे आपल्या कळपातलं. जमेल तसं बोलतो. मधेच शाळा आली तर हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा.

तू कधी जन्मलीस ते कुणी लिहून ठेवलं नाही, आणि तुझं वय पंचवीस होतं की सव्वीस यावरून तुझ्या मातीच्या दिवशीसुद्धा बा आणि मामा भांडले. ते जाऊ दे. तुझे तिरपे डोळे, बसकं नाक, जराशी बाहेर राहणारी जीभ, आखूड बोटं, हे सगळं माझ्यासाठी 'अक्का' एवढंच होतं. पुष्कळ दिवस मला वाटायचं की सगळ्यांच्याच बहिणी अशा असतात. गंगाखेडच्या बाजारात एका जोश्यानं तुझा हात बघितला होता. तळव्यावर एकच आडवी रेघ. तो म्हणाला, "हिच्या हातावर वाचायजोगं काही न्हाई." बा म्हणाले, "मग सोड की हात." बा फार बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी मला ते लय आवडले होते.

लोक तुला येडी म्हणायचे. काहीजण देवाची म्हणायचे. दोन्हीचा अर्थ एकच होता, हिला कामाला हात लावू देऊ नका. तू बोलायला लागलीस पाचव्या वर्षी. मोजायला मीच तुला शिकवलं, चारापर्यंत आलीस, आणि पाचव्यापासून तुझं 'लय' सुरू व्हायचं. एक, दोन, तीन, चार, लय. शंभर मेंढरांच्या घरात जन्मून चारावर अडलेली पोरगी. मी तुला त्यावरून किती चिडवलंय, आठवतं का तुला?

आणि त्याच पोरीचं रोजचं संध्याकाळचं काम आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मेंढरं दिवसभर चरायला जायची आणि कोकरं मागं वाघुरीच्या जाळीत राहायची. दिवस मावळताना कळप परत आला की जो गोंगाट उठायचा, तो ऐकल्याशिवाय कुणाला खरा वाटणार नाही. एकीकडून आया ओरडतायत, दुसरीकडून पोरं, सगळी काळी, सगळी सारखी, आणि प्रत्येक कोकरू ज्याच्या त्याच्या आईलाच लावायचं. दुसरीला लावलं की ती लाथ घालते. बा आणि मामा जन्मभर मेंढरात राहिलेली माणसं, पण तेही चुकायचे. कोकरू उलटं करायचे, कानाची खूण बघायचे, एकमेकांना शिव्या द्यायचे. तू त्या धुळीत शिरायचीस, एक कोकरू उचलायचीस, गर्दीतून सरळ एका मेंढीकडं जायचीस, खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ह्ये हिचं हाय." की कोकरू प्यायला लागलंच. मग दुसरं. मग तिसरं. एकदा मी तुझ्या डोळ्यांवर बाच्या पटक्याचं टोक बांधलं होतं. तू हातातल्या कोकराच्या मानेत नाक खुपसलंस, जरा थांबलीस, ठेचकाळत निघालीस आणि बरोबर त्याच्याच आईच्या अंगावर जाऊन पडलीस. दोघी उठलात. ती तुला चाटायला लागली.

"अक्का, कसं वळकतीस गं?" मी विचारलं.

"बगायचं."

"काय बगायचं?"

"त्येला," तू म्हणालीस, आणि इतकं साधं कळत नाही म्हणून माझ्याकडं कीव करून बघितलंस.

आता त्या वर्षाचं बोलतो. तुला माहीत आहे, पण हे वाचणाऱ्यांना माहीत नाही, आणि त्यांना मी एकदा खोटं सांगून बसलोय.

मी नऊ वर्षांचा होतो, तू बारा-तेराची. आपली माय मी अंगावर पीत असतानाच गेलेली. तुला-मला वाढवलं रखमाकाकूनं. ती आपल्या नात्यातली नव्हती. नवरा मेल्यावर बाच्या कळपावर मजुरीला आलेली, दिवसा कोकरं राखायची आणि संध्याकाळी भाकऱ्या थापायची. पण तू तिला माय म्हणायचीस आणि ती ओ द्यायची. राणीसावरगावच्या शिवारात ज्वारी निघालेल्या रानात दरवर्षीसारखी आपण मेंढरं बसवली होती. सोबत मामाचा छोटा कळप होता. मामी नुकती बाळंत झालेली, तिला दूध नव्हतं, आणि तान्हं पोर मामाच्या एका दुभत्या मेंढीच्या दुधावर होतं. त्या मेंढीचं कोकरू मेलं. कोकरू जवळ नसलं तर मेंढी पान्हा सोडत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला कळतं.

त्याच दिवशी आपलं एक कोकरू गेलं. साधं नव्हे. काळ्याभोर पाठीवर पांढरा ठिपका असलेलं, म्हणून बानं ते देवाला सोडलेलं. राखायला रखमाकाकू होती आणि दुपारी तिचा डोळा लागला होता. बा म्हणाले, "इकलंस का खाल्लंस?" ती म्हणाली, "दाजी, मला ठावं न्हाई." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत बानं तिचं गठुडं वाघुरीच्या बाहेर फेकलं. तू तिच्या लुगड्याला धरून मैलभर गेलीस आणि मामानं तुला उचलून परत आणलं. मामानंच, हं. हे लक्षात ठेवायला आता तू उरली नाहीस, पण मी ठेवलंय.

मामाच्या मेंढीपाशी तेव्हा एक कोकरू होतं. मेलेल्या कोकराचं कातडं त्याच्या अंगावर बांधलेलं. ही आपल्याकडची नेहमीची रीत. पोरक्या कोकराला मेलेल्याचं कातडं घालतात, मेंढीला आपल्या पोराचा वास येतो आणि ती पाजते. तीन-चार दिवस त्या कोकराला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, बघायलासुद्धा कातडं उचलायचं नाही. परका वास लागला की मेंढी बिथरते, मग मेली तरी जवळ घेत नाही. मामानं सांगितलं की वाटेनं गेलेल्या कळपातलं पोरकं कोकरू मागून आणलं. कुणी शंका घेतली नाही. कातड्यात कोकरू दिसलं की आपण धनगर माणसं मान वळवूनच पुढं जातो. जिकडं बघायचंच नाही असं आपण पिढ्यान् पिढ्या ठरवलंय, तिथंच ते होतं.

तू मात्र पहिल्याच संध्याकाळी सरळ तिकडं गेलीस आणि ते उचललंस.

सगळे ओरडले. मामानं हिसकावून घेतलं. बानं तुझ्या तोंडात मारली, जन्मात पहिल्यांदा. आणि मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी टाळ्या पिटल्या. "अक्का चुकली, अक्का चुकली," म्हणत मी वाघुरीभोवती नाचलो. कधी न चुकणारी बहीण चुकली, याचा केवढा तो आनंद झाला होता मला. झाला होता, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या संध्याकाळी तू परत तेच केलंस. परत मार खाल्लास. तिसऱ्या दिवशी बानं तुला दावं लावून बाभळीला बांधलं. तू रडली नाहीस. तिथं बसून दिवसभर ठिपक्याच्या आईकडं बघत होतीस. ती मेंढी फुगलेली कास घेऊन उभी होती आणि चरत नव्हती.

दिवस कलल्यावर कोकरं लावायची वेळ झाली. तुझ्यावाचून सगळा घोळ व्हायला लागला, म्हणून बानं तुला सोडलं. तू सगळ्यांच्या मधून गेलीस. कातड्याच्या गाठी तुझ्या आखूड बोटांना सुटेनात. तू खाली बसलीस आणि सुतळी दातांनी तोडलीस. मामा नुसता बघत राहिला, हलला नाही. कातडं गळून पडलं आणि त्या काळ्या पाठीवर पांढरा ठिपका दिसला.

तू कुणाकडं बघितलं नाहीस. कोकरू उचललंस, त्याच्या आईपाशी नेलंस, म्हणालीस, "ह्ये हिचं हाय."

इथवर कुणी हुशार माणूसही पोचला असता. पुढचं जे तू केलंस, ते मला अजून पेलत नाही. बानं काठी उचलली होती. मामा मान खाली घालून उभा. सगळ्यांचे डोळे त्या दोघांवर, आणि तू तेवढ्यात कळपात जाऊन परत आली होतीस. तुझ्या हातात एका जुळ्यातलं रोडकं कोकरू होतं, ज्याला भावाच्या धक्क्यानं आईचं दूध मिळत नव्हतं. ते तू मामाच्या मेंढीपुढं ठेवलंस. खाली पडलेलं कातडं उचलून त्याच्या अंगावर टाकलंस आणि मामाकडं बघून म्हणालीस, "बांद."

मामा बांधायला लागला. तोडलेली सुतळी आखूड पडली, एकट्याला गाठ बसेना. मग बानं काठी टाकली, दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून बांधलं. मेंढीनं हुंगलं. पान्हा सोडला. आत मामीचं पोर रडत होतं.

अक्का, तुला मोजता चारापर्यंतच यायचं. चौघांचंही तू एका हिशेबात बसवलंस. ठिपक्याला आई, रोडक्याला दूध, मामाच्या मेंढीला पोर, मामाच्या पोराला दूध. मी परभणीला पुढं गणितात पहिला आलो होतो, पण असलं गणित मला कुणी घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी बा तुला घेऊन गंगाखेडला गेले. गोदाघाटावर रखमाकाकू कुणाची तरी धुणी धूत होती. बानं पटका काढून तिच्यापुढं पायरीवर ठेवला. ती म्हणाली, "वला हुईल की त्यो, उचला." एवढंच. आणि तुझं नाक पदरानं पुसून वाटेला लागली. हे मी बघितलं नाही, बानं सांगितलं, म्हणजे खरंच असणार.

त्याच उन्हाळ्यात माझा पाय मोडला आणि वाकडा बसला. कळपामागं चालणं संपलं, म्हणून मला शाळेत घातलं. नाहीतर बिरू मास्तर कुठला व्हायला. सरकारी शाळेत सगळं उर्दूत. तिथं मला जासूसी किश्शांची पुस्तकं मिळाली आणि मी वेडा झालो. राखेवरून विडी ओळखणारे, पावलावरून माणूस ओळखणारे जासूस. मानवतला मराठी वर्गावर नोकरी लागली तेव्हा आम्ही तिघा-चौघांनी पोरांसाठी हस्तलिखित मासिक काढलं. छापायचं म्हणजे परवानगी, त्यात लढाईमुळं कागद मिळेना. म्हणून हातानं लिहिलेली एकच प्रत, ती घरोघर दोन-दोन दिवस फिरायची. त्यात मी चलाख शंकरच्या रहस्यकथा लिहायला लागलो. पहिलीच गोष्ट 'हरवलेलं कोकरू'.

त्यात काय लिहिलं ते तुला वाचून दाखवलं होतंच. चलाख शंकर जमिनीवरचे ठसे बघतो, सुतळीची गाठ बघतो, विचार करतो आणि सगळ्यांपुढं कातडं ओढून काढतो. चोराला फौजदार धरून नेतात. शंकरला एक बहीण आहे, सोनी. जीभ बाहेर, नाक गळतंय, उलटंसुलटं बोलते, भलतंच कोकरू उचलते, आणि पोरं पोट धरून हसतात. पुढच्या प्रत्येक गोष्टीत सोनी आली, कारण पोरं विचारायची, "मास्तर, सोनी हाय न्हवं का?" मी फुगायचो. मला वाटायचं, मी अक्काला पुस्तकात नेलं.

ती गोष्ट मी कळपावर येऊन मोठ्यानं वाचली होती. बा, रखमाकाकू, मामा सगळे बसले होते. फौजदार आला तिथं मामा उठला आणि मेंढरांकडं गेला. मला वाटलं, काही काम निघालं. तू शेवटपर्यंत ऐकलंस आणि म्हणालीस, "त्ये मी शोदलं."

"अगं, ही गोष्ट हाय अक्का. गोष्टीत आसंच आसतंय."

"मी शोदलं," तू म्हणालीस. मग जरा वेळानं, "मामा चोर न्हाई."

"मग कोन चोर? गोष्टीला चोर तर लागतोच की."

तू विचार केलास. तुझा विचार दिसायचा, कपाळावर तीन आठ्या पडायच्या. "कोकरू कुनाचं हाय, त्ये लागतंय," म्हणालीस.

मी हसलो होतो. रखमाकाकूला डोळा मारून हसलो होतो. पाच वर्षं हा वाद चालला, दर सुट्टीला. मी गंगाखेडला गाडीतून उतरून बैलगाडीनं, उरलेलं पायी, लंगडत यायचो, आणि तू पाणी द्यायच्या आधी विचारायचीस, "लिव्हलास का, मी शोदलं म्हून?" मी म्हणायचो, पुढच्या वेळी. तू "बरं" म्हणायचीस आणि विश्वास ठेवायचीस. प्रत्येक वेळी ठेवायचीस, त्याचाच मला राग यायचा.

शेवटचा आलो तो संक्रांतीनंतर. तुला चार पावलं चालून दम लागत होता, ओठ जांभळे पडले होते. तरी तू संध्याकाळी वाघुरीपाशी बसायचीस आणि रखमाकाकू एकेक कोकरू तुझ्या मांडीत आणून द्यायची. तू बोट दाखवायचीस. मी नवी गोष्ट आणली होती, शाळेची पितळी घंटा चोरीला जाते ती. निम्म्यातच तू म्हणालीस, "त्येला भूक लागली आसंल."

"कुनाला?"

"घंटा नेली त्येला."

झालं. माझं शेवटचं पान, महिनाभर जपलेलं, तू असं सहज सांगून टाकलंस. भुकेनंच नेली होती त्यानं. मी चिडलो. वही मिटली आणि म्हणालो, "अक्का, तुला गोष्टीतलं काय कळत न्हाई." तू म्हणालीस, "बरं." मग माझ्या वाकड्या पायावर घोंगडं ओढलंस, कारण वारं सुटलं होतं.

माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं हे. सकाळी तू झोपलेली असतानाच मी निघालो. बाकी काय सांगू.

सांगावा आला तेव्हा मी पोचेपर्यंत दुपार झाली होती. रानाच्या कडेला, त्याच बाभळीजवळ तुला माती दिली. आणि अक्का, लोक निघून गेल्यावर दिवस मावळायला मेंढरं परत आली. त्यांना कुणी सांगणार होतं, आज येऊ नका म्हणून? शंभर आया, शंभर पोरं, आणि मधे आम्ही चार म्हातारी-लंगडी माणसं. बा माझ्याकडं बघून म्हणाले, "धर एक." मी धरलं. एका मेंढीला लावलं, तिनं लाथ घातली. दुसरीनं, तिसरीनं, चौथीनं. पाचवीपाशी मला हुंदका फुटला आणि मी तिथंच खाली बसलो, कोकरू मांडीत घेऊन.

रखमाकाकू म्हणाली, "बगत बस आता त्येच्याकडं. ती बी आशीच बसायची, वर्सानुवर्सं."

मी बघितलं. बावीस वर्षं मेंढरांच्या घरातला माणूस मी, पण एका कोकराचं तोंड असं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या डोळ्याखाली ओली रेघ होती. वरचा ओठ एका बाजूला उचललेला. ते सगळ्यांसारखं नव्हतं. कुणासारखंच नव्हतं. अंधारून येईपर्यंत मी बसलो आणि मग समोरून एक मेंढी चालत आली, तिचाही ओठ तसाच. मी ओळखलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. तिनंच ओळखलं. पण तू काय बघत होतीस त्याची एवढीशी चिंधी माझ्या हाताला लागली, आणि तू जन्मभर ते शंभरांचं बघत होतीस या विचारानं मी गार पडलो.

मामा शेजारी येऊन बसला. आता त्याला नीट दिसत नाही. म्हणाला, "तिनं मला कवा चोर म्हनलं न्हाई बग. तू म्हनलास."

"मामा, गोष्टीत तुजं नाव कुठं व्हतं?"

"नाव नव्हतं. कोकरू मी नेलेलंच व्हतं की."

मी त्याचा हात धरला. पाच वर्षांपूर्वी तो का उठून गेला ते मला, जासूसी लिहिणाऱ्याला, त्या दिवशी कळलं. तुला तो उठला तेव्हाच कळलं होतं. तू तेच सांगत होतीस आणि मी काकूला डोळा मारत होतो.

मानवतला आल्यावर पहिलं काम केलं ते हस्तलिखिताचा तो जुना अंक शोधायचं. एकच प्रत, कुणाकडं अडकलीय ते कळायला चार दिवस गेले. सापडला एका अडत्याच्या घरी, पोरांच्या हळदीच्या, तेलाच्या बोटांनी भरलेला. सोनीच्या पानांवर बोटांचे डाग जास्त होते. एकच प्रत असल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं. हजार छापल्या असत्या तर कुणाकुणाच्या घरी जाऊन माफी मागत फिरलो असतो? मी ती पानं कापून काढली आणि नवी लिहून खळीनं चिकटवली. चलाख शंकर काढून टाकला. फौजदार काढून टाकला. सोनी काढली आणि तू आलीस, तुझ्या नावानं, भागू. जीभ तशीच ठेवली, बोटं तशीच. ती तुझीच होती, मी त्यावर हसवत होतो ही माझी हरामखोरी.

काल वर्गात वाचली. तू आल्याबरोबर मागची दोन पोरं सवयीनं हसली. मी थांबलो नाही, रागावलोही नाही. बाभळीला बांधलं तिथवर आल्यावर हसणं आपोआप थांबलं. संपल्यावर एक पोरगं म्हणालं, "मास्तर, चोराचं नावच न्हाई सांगितलं." मी म्हणालो, "तिनं सांगितलं नव्हतं. मी कसं सांगू?" ते खट्टू झालं. त्याच्या शेजारची एक लहान पोरगी मात्र चोराचं विचारेना. ती म्हणाली, "मास्तर, त्या रोडक्याला मिळालं ना दूद?"

मी फळ्याकडं तोंड केलं, अक्का. मास्तरानं पोरांपुढं रडू नये असा एक नियम आहे आमच्यात. तुला सांगायचं तर मोडला.

तुझे माझ्यावर इतके उपकार आहेत की चाराच्या पुढं मलाही 'लय' म्हणण्यावाचून गती नाही. त्यातला एक तेवढा फेडतोय, तोही अर्धामुर्धा. गोष्टीखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायची जागा असते. तिथं मी घातलंय, 'शोध भागूचा, अक्षर तिच्या भावाचं.' तू विचारायचीस ना, लिव्हलास का? लिव्हलं अक्का. आणि शेवटची ओळ मी माझ्या मनानं केलेली नाही, ऐक.

"ह्ये हिचं हाय," भागू म्हणाली, आणि कोकरू प्यायला लागलं.